जुनी स्पोर्ट्स कार्डं ऑनलाइन घेताना फसवणूक कशी ओळखायची? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

"नकली कार्ड" म्हणजे नेमकं काय? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

हो, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. पूर्णपणे खोटं छापलेलं कार्ड हा एक प्रकार. दुसरा रीप्रिंट, म्हणजे कंपनीने स्वतः किंवा दुसऱ्या कोणी उघडपणे परत छापलेलं, त्यात गैर काहीच नाही पण कोणीतरी मागचा "रीप्रिंट" शब्द खरवडून काढतो आणि ओरिजिनल म्हणून खपवतो. तिसरा प्रकार म्हणजे कार्ड खरंच आहे पण कडा कापल्यात, कोपरे नव्याने बांधलेत, उडालेला रंग भरलाय, थोडक्यात मेकअप केलाय. चौथ्यात कार्ड तपासणाऱ्या कंपनीने ग्रेड (कार्डाच्या स्थितीचे गुण) देऊन सीलबंद केलेला प्लॅस्टिकचा डबा, ज्याला सगळे स्लॅब म्हणतात, तोच खोटा. आणि पाचवा सगळ्यात सोपा, कार्डच नाहीये, नुसता फोटो आहे.

नवीन माणूस पहिल्या प्रकाराला घाबरून असतो आणि पैसे जातात तिसऱ्यात नाहीतर पाचव्यात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी "कार्ड खरं आहे का" विचारलं की मी आधी "कार्ड आहे का" विचारतो.

विंटेज म्हणजे कधीपर्यंतचं?

मोघम शब्द आहे. बरेच जण १९८० च्या आधीचं धरतात. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं १९८६ चं कार्ड त्यात बसत नाही पण नकलांच्या बाबतीत त्याचं नाव इतकं वर आहे की त्याला इथून वगळता येत नाही, खाली वेगळा प्रश्न आहे.

रीप्रिंट ओळखायची सगळ्यात सोपी युक्ती?

फूटपट्टी. खरंच. १९५२ ते १९५६ ची टॉप्स कंपनीची बेसबॉल कार्डं आजच्यापेक्षा मोठी होती, साधारण ६७ बाय ९५ मिलिमीटर. १९५७ पासून टॉप्स आत्ताच्या मापावर आलं, ६३.५ बाय ८९. आता १९५२ च्या सेटमधलं ३११ नंबरचं, मिकी मँटल या बेसबॉलपटूचं कार्ड सगळ्यांना माहिती असतं, त्याची एक कॉपी ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. टॉप्सने १९८३ मध्ये त्याच सेटचं रीप्रिंट काढलं होतं आणि ते छोट्या, नव्या मापात. म्हणजे कोणी "१९५२ मँटल" विकतोय आणि पट्टीवर ते आजच्या कार्डाएवढंच भरतंय तर भिंग काढायचीसुद्धा गरज नाही, खरं कार्ड त्याहून मोठं असतं.

तंबाखूच्या पाकिटातली टी२०६ कार्डं (१९०९ ते १९११) तर फारच लहान, ३६.५ बाय ६६.७ मिलिमीटर. ज्या सेटचं घेताय त्याचं माप आधी कागदावर लिहून ठेवा आणि विकणाऱ्याला कार्डाशेजारी पट्टी ठेवून फोटो मागा. मिलिमीटरच्या अंशाचा फरक त्यात दिसणार नाही पण मोठी चोरी लगेच पकडली जाते.

नुसत्या फोटोवरून किती कळतं?

कार्डाबद्दल कमी आणि विकणाऱ्याबद्दल बरंच. फोटो कसे काढलेत ते बघा. पुढची बाजू झकास, मागची गायब? चार कोपऱ्यांपैकी दोनच? सगळे फोटो तिरके, कडेवर नेमकी चमक पडलेली? एकदा असं झालं तर आळस, पण माणसाच्या बाकीच्या स्वस्त कार्डांचे फोटो नीट आणि महागड्याचेच धूसर, तर मग तो आळस नाही.

फोटो चोरलेला असू शकतो म्हणून इमेज सर्च करून बघायचंच, जुन्या लिलावांचे फोटो उचलून लावणारे भरपूर आहेत. त्याहून चांगलं म्हणजे मी सांगेन तसा फोटो मागतो: कार्डाशेजारी कागदावर आजची तारीख आणि मी दिलेला एखादा विचित्र शब्द, कार्ड उलटं धरलेलं, आणि एक छोटा व्हिडिओ ज्यात कार्ड उजेडात हळूहळू तिरकं केलंय. आजकाल कागदावरचा शब्द एडिट करून टाकणं पोरखेळ झालाय म्हणून व्हिडिओवर जोर. तिरक्या उजेडात घड्या, दाबून सपाट केलेल्या सुरकुत्या, वरून भरलेला रंग, सगळं दिसतं कारण नंतर भरलेल्या रंगाची चमक आजूबाजूच्या शाईपेक्षा वेगळी असते. ज्याच्याकडे कार्ड आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे. ज्याच्याकडे नाहीये तो चिडतो, "विश्वास नसेल तर घेऊ नका" म्हणतो, तेव्हा त्याचं ऐकायचं आणि घ्यायचं नाही.

कार्ड हातात आलं. आता सगळ्यात आधी काय करू?

त्याच सेटचं, त्याच वर्षाचं एक भंगार कॉमन शेजारी ठेवा. माझं सगळं सांगणं खरं तर एवढंच आहे. कॉमन म्हणजे ज्या खेळाडूला कोणी विचारत नाही त्याचं कार्ड, कोपरे झिजलेलं, मधे घडी पडलेलं, अशा कार्डाची नकल करायला कोणाला परवडत नाही म्हणून ते जवळपास नक्की खरं असतं. मोठं कार्ड घ्यायच्या आधी हे घ्यायचं, नंतर नाही. लोक ऑनलाइन वाचून वाचून लक्षणं पाठ करतात, पण डोळ्यासमोर खरं नसेल तर पाठ केलेलं काय कामाचं.

माझ्याकडे १९५६ च्या टॉप्सचं असंच एक आहे, एका कोपऱ्याचा पार भुगा झालाय. त्याच्यावर ज्वेलरचं भिंग ठेवा (दहा पट चालतं, तीस पट असेल तर उत्तम) आणि आधी खेळाडूचा चेहरा बघा. गाल म्हणजे गुलाबी, पिवळ्या, निळसर ठिपक्यांची बारीक फुलं दिसतात, ठरावीक कोनात ओळीने मांडलेली. ते ऑफसेट छपाईचं जाळं. मग भिंग हळूच सरकवत काळ्या अक्षरांवर आणा. इथे जाळं नाही. अक्षर म्हणजे सलग भरीव शाई, कड स्वच्छ, कारण काळ्याची प्लेट वेगळी होती आणि अक्षरं त्यावर थेट होती. आता नकल करणाऱ्याचा विचार करा, त्याच्याकडे मूळ फिल्म नाही, त्याने छापील कार्डच स्कॅन केलंय आणि परत छापलंय, त्यामुळे त्याची अक्षरंसुद्धा ठिपक्यांची बनतात, कडेला रंगीत झालर येते, बारीक रेघा तुटक होतात. घरच्या इंकजेटवर काढलं असेल तर ठिपके रांगेत नसतातच, शिंपडल्यासारखे असतात.

एक सावधगिरी, हे सगळ्या सेटना सरसकट लावू नका. टी२०६ लिथोग्राफीने वेगळ्या पद्धतीने छापली जायची, तिथे आजच्यासारखं चार रंगांचं जाळं शोधायचंच नाही, उलट ते सापडलं तर घोळ आहे. म्हणूनच म्हणतो, त्याच सेटचं कॉमन.

मग हात लावून बघा, पुठ्ठ्याचा पोत, मागच्या बाजूचा रंग, कडेने दिसणारे थर. दोन्ही कार्डं एकामागून एक जोरदार टॉर्चसमोर धरा, पुठ्ठा वेगळा असेल तर उजेड वेगळा आरपार येतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असेल तर वजनही करा, मात्र जुना पुठ्ठा दमट हवेत पाणी धरतो आणि झिजलेलं कार्ड हलकं भरतं, त्यामुळे थोड्या फरकावर कोणाला चोर ठरवू नका.

काळ्या लाइटची (अल्ट्राव्हायोलेट) टेस्ट खरंच चालते का?

एका बाजूने चालते. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर पसरली. त्यामुळे १९३३ चं म्हणून घेतलेलं कार्ड अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली निळंपांढरं झगमगायला लागलं तर खेळ खलास. पण नाही झगमगलं तर ते खरं असं अजिबात नाही, कारण जुन्या पुस्तकांतली कोरी पानं काढून त्यावर छापणारे महाभाग आहेत. १९६०-७० च्या कार्डांसाठी तर एकट्या टेस्टला काही अर्थ नाही, तिथे परत कॉमन शेजारी ठेवूनच.

कडा कापलेलं कार्ड कसं ओळखू?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि खरं सांगायचं तर तज्ज्ञही चुकतात. झिजलेला कोपरा कापून टाकला की कार्ड टोकदार दिसतं, ग्रेड वर जातो, ग्रेड वर गेला की किंमत कितीतरी पटींनी. बघायचं हे की पूर्ण कार्ड साठ वर्षं जुनं दिसतंय आणि एकच कड काल कापल्यासारखी पांढरीफटक, धारदार आहे का. बाकी तीन कडांच्या धाग्यांवर मळ आहे आणि चौथीवर नाही, असं कसं होईल? कधी कड मधे किंचित आत गेलेली असते किंवा टोकाला आकड्यासारखी बाहेर येते, सुरी हलल्याची खूण. माप घ्या, कॉमनवर ठेवून चारही बाजूंनी जुळवा. कारखान्यातच थोडी लहानमोठी कापली जायची त्यामुळे केसभर कमी म्हणजे गुन्हा नव्हे, आणि गंमत म्हणजे काही कार्डं मुळात मोठी कापलेली असतात, ती कापूनही मापात बसतात. म्हणजे पट्टी कामाची, पण ती कधीच शेवटचा शब्द नाही.

उलटंही असतं. १९७९ चं ओ-पी-ची कंपनीचं वेन ग्रेट्झकीचं १८ नंबरचं हॉकी कार्ड घ्या, त्या कंपनीची कार्डं तारेने कापल्यासारखी खडबडीत, केसाळ कडांची असायची. तिथे चारही कडा गुळगुळीत असतील तर मी जास्त घाबरतो.

पण स्लॅबमध्ये असेल तर टेन्शन नाही ना?

कमी आहे, नाही असं नाही. पीएसए, एसजीसी, बेकेट या कंपन्या कार्ड तपासून १ ते १० मध्ये ग्रेड देतात आणि सीलबंद करतात, आणि महाग कार्ड उघडं घेण्यापेक्षा स्लॅबमधलं घ्या असंच मी सांगेन. पण सगळ्यात प्रसिद्ध स्लॅबचाच किस्सा ऐका. बेसबॉलपटू होनस वॅगनरचं टी२०६, या छंदातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड, त्याची एक फार देखणी कॉपी १९९१ मध्ये वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या पार्टनरने ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतली. पीएसएने ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड ते, ग्रेड ८. वर्षानुवर्षं लोक कुजबुजत होते की कडा जरा जास्तच छान आहेत. २०१३ मध्ये ते कार्ड आधी विकणारा मोठा लिलाववाला बिल मॅस्ट्रो याने कोर्टात कबूल केलं की कडा त्यानेच कापल्या होत्या. पुढे २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली, आणि शिक्षा होती ती त्याच्या लिलावात खोट्या बोल्या लावून भाव चढवल्याबद्दल.

स्लॅबच खोटा असू शकतो?

असू शकतो, आणि हल्ली हाच धंदा जोरात आहे. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी दोन जणांवर आरोप ठेवले की त्यांनी ग्रेडिंगची बनावट लेबलं लावून कार्डं विकली किंवा विकायचा प्रयत्न केला, रक्कम २० लाख डॉलरच्या वर.

लेबलवरचा सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघायचा, हे सगळ्यांना माहिती असतं आणि ठगांनाही माहिती असतं. ते खऱ्या स्लॅबचा खरा नंबर उचलतात, तुम्ही टाकला की बरोबर तेच कार्ड, तोच ग्रेड येतो आणि तुम्ही खूश. त्यामुळे नंबर जुळला म्हणजे झालं नाही. कंपनीने त्या कार्डाचा स्कॅन ठेवला असेल तर तो उघडा आणि जुन्या कार्डांची जन्मखूण शोधा: चौकट डावीकडे किती सरकलीय, शाईचा ठिपका कुठे पडलाय, मागे च्युइंगगमचा डाग आहे का. दोन कार्डांची ही जुळणी सारखी असणं जवळपास अशक्य. स्कॅन नसेल तर जुन्या विक्रीतले फोटो शोधा. लेबल कुठल्या काळातलं आहे तेही बघा, कारण लेबलांचे डिझाइन बदलत आलेत आणि नव्या नंबरावर जुनं डिझाइन किंवा उलट, असं दिसलं तर तिथेच थांबा. डब्याच्या कडेला परत चिकटवल्याचे पांढरट पट्टे, ओरखडे, अक्षरांचा वेगळा फाँट, होलोग्राम नुसता चंदेरी छापलेला, हे पण.

आणि एखाद्या कंपनीचं नाव तुम्ही कधी ऐकलंच नाही, डबा भारी, ग्रेड १०, किंमत कवडीमोल, तर तो ग्रेड विकणाऱ्याने स्वतःच दिलाय असं धरा.

जॉर्डनच्या रुकी कार्डाबद्दल एवढा आरडाओरडा का?

१९८६-८७ चा फ्लीअर कंपनीचा सेट, १३२ कार्डं, त्यात ५७ नंबर जॉर्डन, हेच त्याचं रुकी म्हणजे सुरुवातीचं कार्ड. मागणी प्रचंड आणि नकला कधीपासूनच्या, काही इतक्या जुन्या की त्यांनाही आता खरा मळ चढलाय. उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या लोगोची बारीक अक्षरं भिंगाखाली बघा, नकलांमध्ये ती पसरतात नाहीतर ठिपक्यांत फुटतात. मागची बाजू बरेच जण बघतच नाहीत, ती आधी बघा. याच सेटची कॉमन स्वस्तात मिळतात, मग का नाही घेत लोक, मला कळत नाही. उघडं जॉर्डन मी ऑनलाइन घेणार नाही, विषय संपला.

"आजोबांच्या ट्रंकेत सापडलं, मला यातलं काही कळत नाही" असं लिहिलंय. घेऊ का?

मी घेतलं होतं. १९३३ चं गाउडी कंपनीचं, बेब रूथ या बेसबॉलपटूचं कार्ड, त्या सेटमध्ये रूथची चार कार्डं आहेत (५३, १४४, १४९ आणि १८१) आणि हे लाल पार्श्वभूमीचं १४९. चार-पाच जुन्या कार्डांच्या लॉटमध्ये, फोटो जरा अंधारा, खाली मोठी भावुक गोष्ट, आणि मला वाटलं बिचाऱ्याला काय आहे तेच माहिती नाही, आपली लॉटरी लागली. म्हणजे फसवायला मीच निघालो होतो. पाकीट उघडलं तर छान तपकिरी जुनाट कार्ड, पण तपकिरीपणा सगळीकडे एकसारखा, मधोमध तेवढाच जेवढा कडेला. खरं जुनं कार्ड कडेकडून मळतं, हाताळतात तिथे. कोपऱ्यात एक छोटी फाट होती, तिच्या आत पुठ्ठा पांढराशुभ्र. चहात बुडवलं होतं की कॉफीत देव जाणे. भिंग ठेवलं तर मागची हिरवी अक्षरं सगळी ठिपक्यांची. बाकीची चार कार्डं मात्र खरी निघाली, दोन-दोन डॉलरवाली. ती शेजारी ठेवली की पाचवंही खरं वाटतं.

अशा जाहिरातीत "ओरिजिनल आहे" असं कुठेही लिहिलेलं नसतं हे नंतर लक्षात आलं. "दिसतंय जुनं", "फोटो बघून तुम्हीच ठरवा", "परत घेतलं जाणार नाही". ज्याला काहीच कळत नाही त्याला एवढी वकिली भाषा बरी सुचते!

विकणाऱ्याचे रिव्ह्यू चांगले आहेत, मग?

कशाचे रिव्ह्यू ते वाचा. दोनशे रिव्ह्यू मोबाइल कव्हरचे आणि आता अचानक पहिल्यांदाच दहा हजार डॉलरचं कार्ड, म्हणजे अकाउंट विकत घेतलेलं किंवा हॅक केलेलं असू शकतं. त्याने आधी विकलेली कार्डंही चाळा, एकाच माणसाला दर महिन्याला नवीन ट्रंक सापडत असेल तर आजोबा फारच श्रीमंत होते.

लिलावात भाव मुद्दाम चढवतात ते कसं कळणार?

खात्रीने नाही कळत. तेच दोन-तीन खाती त्याच विकणाऱ्याच्या प्रत्येक लिलावात बोली लावतात आणि कधी जिंकत नाहीत, किंवा जिंकलेलं कार्ड आठवड्यात परत विक्रीला, तर संशय घ्या. उपाय एकच, अलीकडे प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या किमती बघून आकडा आधी ठरवायचा आणि तिथे हात काढायचा. मागितलेल्या किमती बघू नका, मागायला काय कोणी काहीही मागतं.

न उघडलेली जुनी पाकिटं घ्यावीत का?

मी नाही घेत. मेणकागदाची पाकिटं गरम करून चिकटवलेली असायची, म्हणजे गरम करून उघडताही येतात आणि चांगली कार्डं काढून परत चिकटवताही येतात. पारदर्शक पाकिटात वरतीच नेमका मोठा खेळाडू दिसतोय तर जास्तच जपून, लोकांना काय बघायला आवडतं ते चिकटवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. २०२१ मध्ये यूट्यूबर लोगन पॉलने पोकेमॉन कार्डांची सीलबंद पेटी ३५ लाख डॉलरला घेतली, ती तपासून प्रमाणित केलेली होती, आत निघाली जी. आय. जो ची कार्डं.

सही असलेलं कार्ड?

कार्ड खरं आणि सही खोटी, हे सर्रास चालतं. १९९० च्या दशकात एफबीआयने "ऑपरेशन बुलपेन" नावाने खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या, त्यातला माल अजून कुठे कुठे फिरतोय. विकणाऱ्याने स्वतः छापून दिलेल्या सर्टिफिकेटला रद्दीचा भाव.

पैसे कसे द्यावेत?

जिथून परत मागता येतील तसे. पेपॅलवर "फ्रेंड्स अँड फॅमिली" ने पाठव, फी वाचेल, तेवढे कमी घेतो असं कोणी म्हणालं की समजायचं. त्या पर्यायात खरेदीचं संरक्षण नाही, "गुड्स अँड सर्व्हिसेस" मध्ये तक्रारीला १८० दिवस असतात. क्रेडिट कार्ड चांगलं. वायर ट्रान्सफर, गिफ्ट कार्ड, क्रिप्टो, नाही. आणि साइटच्या बाहेर येऊन व्यवहार करू म्हणाला तरी नाही, ईबेवर ठरावीक किमतीच्या वरची कार्डं आधी तपासणीला जातात, बाहेर गेलात की ती सोयही गेली.

पार्सल आलं आणि गडबड वाटतेय. आता?

खरं तर पार्सल उघडायच्या आधीपासून व्हिडिओ हवा, लेबल दिसेल असा, एकाच सलग शॉटमध्ये. नसेल केला तर निदान आता सगळ्याचे फोटो काढा, पाकिटाचेसुद्धा. स्लॅब फोडू नका, कार्ड पुसू नका. विकणाऱ्याशी साइटवरच्या मेसेजमध्येच बोला, फोनवर नको, आणि तो "सुट्टीवर आहे, पुढच्या आठवड्यात बघतो" करत राहिला तर थांबू नका कारण त्याला फक्त परतीची मुदत संपवायची असते. ईबेवर ती साधारण ३० दिवसांची असते.

ट्रॅकिंगवर "डिलिव्हर झालं" दिसतंय आणि तुमच्याकडे काहीच आलं नाही, तर पोस्टाकडून नेमका पत्ता आणि वजन लेखी मागवा. तुमच्याच भागातल्या भलत्याच पत्त्यावर रिकामं पाकीट पाठवून डिलिव्हरीचा पुरावा तयार करायची जुनी चाल आहे, आणि कार्डाच्या पार्सलचं वजन वीस ग्रॅम दिसलं की तक्रार तुमच्या बाजूने झुकते. अमेरिकेतला व्यवहार असेल तर एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन गुन्ह्यांच्या तक्रारींच्या साइटवर, आणि माल टपालाने आला असेल तर तिथल्या पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडेही तक्रार करता येते.

नकली कार्ड परत मिळत नाहीये, पैसे मात्र मिळाले. त्या कार्डाचं काय करू?

मागे पक्क्या शाईने "नकली" लिहा आणि ठेवून द्या. माझं रूथ ड्रॉवरमध्ये आहे, त्या चार खऱ्यांबरोबरच. नवीन कोणी शिकायला आला की पाचही कार्डं पालथी घालून समोर ठेवतो, हातात भिंग देतो आणि मागे लिहिलेला "नकली" शब्द झाकून नकली कोणतं ते विचारतो.